साक्षीदाराची तिसरी जागा

साडेचार वाजले होते आणि फॉर्मवर तिसरी सही नव्हती.

मी भंडाऱ्यात विवाह नोंदणी अधिकारी आहे. नोंदणी पद्धतीच्या लग्नात आधी नोटीस द्यावी लागते. तिची मुदत तीन महिने. त्यात लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. या जोडप्याचा तो शेवटचा दिवस होता. नवरा आंधळगावचा, दुबईतल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. नवरी त्याच हॉस्पिटलात नर्स, फिलिपिन्समधल्या सेबूची. परवा दोघांची ड्युटी होती.

साक्षीदार तीन लागतात. दोन मित्रांनी सह्या केल्या. तिसरी जागा मुलाने वडिलांसाठी ठेवलेली. ते बाहेर बाकावर बसून होते, आत येईनात.

मी म्हटलं, समोरच्या झेरॉक्सवाल्याला बोलावतो. कशासाठी, असं नवरीने इंग्रजीत विचारलं. मी तिला फॉर्मवरच्या 'साक्षी' या शब्दावर बोट ठेवून तो वाचून दाखवला, विटनेस म्हणून सांगितलं. ती चमकली. तिच्या सेबुआनो भाषेत आणि फिलिपिन्सच्या तागालोगमध्येही 'साक्सी'च म्हणतात म्हणे. झेरॉक्सवाला नको, बाबाच हवेत, म्हणाली.

शब्द मूळ संस्कृत. मलय भाषेतून तिकडे पोचला, हे मला नंतर कळलं. अक्षि म्हणजे डोळा. डोळ्यांनी पाहणारा तो साक्षी. शाळेत घेतलेलं संस्कृत नोकरीत पहिल्यांदाच उपयोगी पडलं. मी बाहेर गेलो.

"मी सही नाही करत, साहेब," वडील म्हणाले. "सही केली म्हंजे लगन मीच लावून देल्लं, असं होते. गावात काय सांगू? मी फक्त पाहाले आलो."

"साक्षीदाराचं काम तेवढंच असतं," मी म्हटलं. "पसंतीचा रकाना फॉर्मवर नाही. पाहिलं, एवढंच लिहायचं."

ते उठून आत आले. चष्मा घरी राहिला होता, माझा मागून घेतला. नवरा-नवरीला सह्या करताना नीट पाहिलं. मग फॉर्म ओळ न् ओळ वाचायला लागले. पाच वाजत आले, माझा जीव टांगणीला. पसंतीचा रकाना खरंच सापडला नाही, तेव्हा सही केली.

चष्मा परत देऊन ते सुनेकडे वळले.

"चाल बाई घरी. तुही सासू वाट पाहून राहिली."

तिला मराठी येत नव्हती, तरी ती लगेच उठली. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून साक्षीदार आला की मी आधी सहीचं बोलत नाही. चष्मा आणलाय का, ते विचारतो.