उलटी उतरलेली वेल

वाचनालयाच्या माडीवर दर बुधवारी आठ बायका भरतकामाला बसत. त्यांतल्या एकीला सगळ्या ‘बिनचूक बाई’ म्हणत. नोकरीत असताना ती नर्स होती. बाकीच्या तासाभरात दोन पानं भरत आणि त्यांतलं एक उसवत. ही एक टाका घाली, कापड पालथं करून पाही, मग दुसरा.

“अहो बिनचूक बाई, सुईला गंज चढेल,” असं कुणी म्हणालं की ती हसून घेई.

खरं म्हणजे तिला उसवता येत नव्हतं. कात्रीचं टोक धाग्याखाली सरकवायचं म्हटलं की तिची बोटं लाकडाची होत. म्हणून चूकच होऊ द्यायची नाही, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या जावेचं दुसरं बाळंतपण तिच्याच वॉर्डात झालं, पोटावर शस्त्रक्रिया करून. घरून सासूबाईंचे निरोपावर निरोप: थोरला रडून घर डोक्यावर घेतोय, तू तिथं आहेस ना, सोडव तिला लवकर. टाके काढण्यात हिचा हात हलका, अशी ख्याती. डॉक्टरांना न विचारता हिने एक दिवस आधीच टाके काढले. जिना उतरताना जखम उघडली. जाऊ वाचली, पण महिनाभर तिथेच वॉर्डात खाटेला खिळली. हिने लगेच बदली मागून घेतली, इस्पितळाच्याच तळघरातल्या औषधांच्या कोठीत, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच खोकी लावत राहिली. घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. लग्नकार्यात दोघी शेजारी बसून भाजी निवडत. विळी दे, ताट सरकव, एवढंच बोलणं.

तीच जाऊ आता माडीवर खिडकीशी बसे.

वाचनालयाच्या दालनासाठी आठ चौकोनांचा लांब पडदा चालला होता. प्रत्येकीला एक चौकोन, आणि आठांतून जाणारी एकच वेल. पाचवा चौकोन बिनचूक बाईंचा. चार महिने लागले. जोडायच्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी तुकडे टेबलावर मांडले आणि पाचव्यावर त्यांचा हात थांबला. चौथ्यातली वेल खालच्या कोपऱ्यातून येत होती, पाचव्यातली वरच्या कोपऱ्यात सुरू होत होती. छाप घेताना कागद उलटा पडला होता. टाकान्‌टाका तपासणाऱ्या बाईला अख्खी वेल दिसलीच नव्हती.

“उसवावं लागेल,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “आठ दिवसांत पडदा टांगायचाय. तुम्ही उसवून द्या, भरायला आम्ही सगळ्या बसू. नाही जमलं, तर मधे कोरं कापड लावू.”

बाकी सगळ्या गेल्या. ही कात्री पुढ्यात ठेवून बसली होती. जाऊ धागे गुंडाळत रेंगाळली.

“वहिनी, तुम्ही उसवून देता?”

“मी का? माझी वेल सरळ आहे.”

“माझा हात चालत नाही.”

“ठाऊक आहे. धागा दाताने तोडतेस, ते दिसत नाही होय मला?”

ही कात्रीकडे बघत म्हणाली, “तेव्हा एक दिवस थांबायला हवं होतं मी.”

“टाक्यांचं मी केव्हाच सोडून दिलं,” जाऊ म्हणाली. “घाई मलाही झाली होती. पण महिनाभर पडले होते मी, आणि तू त्याच इमारतीत खाली. एकदा वर आली नाहीस. दाराकडे बघून बघून मान धरली माझी.”

“तोंड दाखवायची लाज वाटत होती.”

“वा! लाज तुला, आणि एकटी पडले मी.”

“अजून राग आहे?”

“आहे. राहील. त्याचा वेलीशी काय संबंध? माझा चौकोन सहावा. त्याच्या शेजारी कोरं फडकं नको मला. काप.”

तिने कापलं. पहिल्या टाक्यासरशी कापडालाही बारीक चीर गेली. जाऊ धागे गुंडाळत राहिली. दुसरा निघाला. तिसऱ्यापाशी बोटं पुन्हा लाकडाची झाली, आणि तिने कात्री खाली ठेवली. निघालेल्या टाक्यांच्या जागी भोकं तशीच उघडी होती.

जाऊ उठून चपला घालू लागली.

“वहिनी, उद्या हे घेऊन तुमच्याकडे येऊ?”

“दुपारी चारपर्यंत मी झोपलेली असते,” असं जाऊ म्हणाली आणि जिना उतरू लागली.