हातभर आतडं

पोट बिघडलं की माणसाजवळ किस्से जमतात, अन् पोटच कापलं तर विचारूच नका! रक्ताची गुठळी अडकली, आतडं सडलं, डॉक्टरनं काढून टाकलं. उरलं हातभर. आता खाल्लेलं अंगी लागत नाही, सरळ संडासात जाते. म्हणून तोंडानं खाणं बंद. छातीत एक नळी बसवली, माझं जेवण सलाईनसारखं तिच्यातून चढते.

*

इकडं हिंदी मुलखात, सिलतऱ्याच्या ऑफिसात परत गेलो, तर आमचं डब्याचं टेबल रिकामं! सगळे गोडाऊनमध्ये जाऊन जेवून राहिले. बाजूच्या टेबलावरचा साहू म्हणे, "भैया, आपको बुरा लगेगा ना, इसलिए." मी एकटाच बसलो, पंख्याकडे पाहत. तेव्हाच जास्त बुरा लागलं.

*

पोट्टी बंगलोरले असते. फोन केला की सवयीनं पहिले विचारते, "पापा, खाना खाया?" मग लगेच "सॉरी" म्हणते. मी म्हणतो, "हव, चढलं!" तरी तिले हसू येत नाही.

*

मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, "निरोगी आतड्याचे बारीक तुकडे पोटात रुजवायचा प्रयोग चालू आहे. उंदरांमध्ये रुजले, त्यांचं वजनही वाढलं."

म्या म्हटलं, "साहेब, मले उंदीर म्हणून भरती करा!"

डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, "माणसांसाठी अजून वेळ आहे." किती वेळ, हे विचारायची हिंमत नाही झाली.

*

बायको, सुनंदा, स्वयंपाकघराचं दार लावून उभ्याउभ्याच जेवते. "काहून लपतं वं?" म्हटलं, तर म्हणते, "मी कुठं लपली? भांडी आवरून राहिली होती." फोडणीच्या वासाचं काही नाही हो. त्या बंद दाराचं रडू येते मले.

*

भाचीच्या लग्नात बहीण म्हणाली, "दादा, तू पंगतीत नको येऊ, तुले त्रास होईन." मी ऐकतो काय! जाऊन सुनंदाच्या बाजूले बसलो. वाढणारा आचाऱ्याकडचा, त्याले काय माहीत? "घ्या भाऊ, लाजू नका!" म्हणत त्यानं जिलब्या टाकल्या. मले आग्रह करणंच सोडलं होतं लोकायनं. म्या म्हटलं, "वाढा!"

सुनंदानं माझ्याकडे पाह्यलंही नाही. तिचा हात माझ्या पानावर आला, अन् एकेक जिलबी उचलून ती खाऊ लागली.

वाढणारा परत आला. "अरे वा, भाऊ! पान साफ! एवढ्याशा अंगात ठेवता कुठं?"

सुनंदाचं तोंड भरलेलं. तिनं नुसती मान हलवली.

म्या म्हटलं, "अजून वाढा!"