कर्णिकांचं जहाज बर्फातच अडकतं

दुबईत वाळू आणि किस्से दोन्ही बंद दाराच्या फटीतून घरात शिरतात. वाळू निदान झाडता येते. अल मनखूलमधल्या आमच्या मराठी कंपूतले निम्मे किस्से एकट्या कर्णिकांचे, आणि कर्णिकांचे सगळे किस्से एकाच जहाजाचे.

कर्णिक एसीच्या कंपनीत इंजिनिअर. नव्वदच्या दशकात बहिणीकडे कॅनडाला गेले, तिथल्या म्युझियममध्ये तिकडच्या पोलिसांचं जुनं लाकडी जहाज पाहिलं आणि झपाटूनच परत आले. हे जहाज पॅसिफिकमधून निघून आर्क्टिकच्या बर्फातून अटलांटिकला गेलं होतं. वाटेत दोन हिवाळे बर्फात अडकलं. कर्णिकांचं दुःख एवढंच, की गोष्ट सांगताना त्यांचं जहाजही तिथेच अडकायचं. पुढचं ऐकायला कोणी थांबतच नसे.

* * *

पहिल्यांदा त्यांनी ती आमच्या घरी सांगितली. "पोलिसांचं जहाज" म्हणताच देशपांडे म्हणाले, "बर्फात चोर काय चोरणार?"

कर्णिकांनी शांतपणे समजावलं. हे पोलीस लांबच्या वस्त्यांवर सामान पोचवायचे, टपाल न्यायचे, जन्ममृत्यूच्या नोंदी करायचे.

"म्हणजे तलाठी!"

तिथून गप्पा देशपांड्यांच्या गावच्या सातबाऱ्यावर गेल्या, त्या चहा संपेपर्यंत.

* * *

पुढे मराठी मंडळाने त्यांना स्लाइड शो करायला दिला. पहिली स्लाइड आली. पडदा नुसता पांढरा.

"फोकस करा हो," मागून आवाज आला.

"फोकस आहे. तो बर्फ आहे," कर्णिक म्हणाले.

दुसरी स्लाइडही पांढरी. तिसरीला कोणीतरी समजूतदारपणे ट्यूबलाइट लावली आणि आम्ही जेवायला बसलो.

* * *

कर्णिकांना मराठीचा अभिमान. नॉर्थवेस्ट पॅसेजला ते "वायव्य मार्ग" म्हणायचे. ते ऐकून वास्तुशास्त्रवाल्या लेलेकाकूंनी कान टवकारले.

"वायव्येला निघाले होते? वायव्येला स्थिरता नाही हो. माझ्या नणंदेची बेडरूम वायव्येला, तिच्या नवऱ्याने तीन नोकऱ्या बदलल्या."

"काकू, जहाज अडकलं होतं. हलतच नव्हतं."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मग तोंड दक्षिणेला असेल."

* * *

कर्णिकांच्या घरीही तेच. मुलगा कार्टून बघताबघता विचारायचा, "बाबा, इज इट स्टिल स्टक?" वहिनी म्हणायच्या, "मला बर्फापर्यंत पाठ आहे." सगळे हसायचो, पण मला त्यांची खरंच दया यायची. माणसाला एक गोष्ट शेवटपर्यंत सांगायची आहे, आणि अख्ख्या अमिरातीत ऐकणारा नाही.

* * *

एकदा अल ऐनहून परत येत होतो. कर्णिक गाडी चालवत होते, शेजारी वहिनी, मागे आम्ही दोघं. मी सहज विचारलं, "त्या जहाजाचा तळ गोल का होता हो?" आनंदाच्या भरात त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला. दोन मिनिटांत मागे पोलिसांची गाडी.

कर्णिक लायसन्स घेऊन खाली उतरले. पोलिसाने हिंदीत विचारलं, "इतना जल्दी किधर?"

कर्णिकांना खोटं बोलता येत नाही. "साब, शिप का स्टोरी बता रहा था. पुलिस का शिप."

"पुलिस का? कौन सा शिप?"

आम्ही काचेतून बघत होतो. कर्णिकांनी ओंजळ करून गोल तळ दाखवला. दोन्ही बाजूंनी बर्फ दाबतोय आणि जहाज अलगद वर उचललं जातंय, तेही दाखवलं. पोलिसाचं पेन थांबलं. तो बॉनेटला टेकला. अर्ध्या उघड्या काचेतून एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, "फिर?"

वहिनी पदराने घाम पुसत होत्या. "हे काय बोलताहेत इतकं? आत टाकतील यांना."

शेवटी कर्णिकांनी दोन्ही हात पसरले. पोलीस "माशाल्ला" म्हणाला, त्यांचा खांदा थोपटला, आणि दंडाची पावती नीट पूर्ण करून त्यांच्या हातात ठेवली.

कर्णिक पावती घेऊन गाडीत बसले. व्हिसा लागल्यावर होतो तसा चेहरा.

वहिनींनी घाबरत विचारलं, "सोडलं का हो?"

"सोडलं," कर्णिक म्हणाले. "दुसऱ्या हिवाळ्यानंतर बर्फाने सोडलं. थेट अटलांटिकला पोचलं."