डोमा नागापुरेच्या पायाचा अंगठा

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात. डोमा नागापुरेचं पायाच्या अंगठ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते लिहायला सटवाईलासुद्धा गुडघाभर चिखलात उतरावं लागलं असणार.

डोमा जातीचा ढिवर. बल्लारपूरच्या अलीकडे खाणीच्या रस्त्याला लागून एक तळं आहे, तिथं त्याच्या आज्यापासून घरची जाळी पडत आलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळ्याचा उपयोग नसतो. मरळ चिखलात दडून बसते आणि ती पायानंच चाचपून काढावी लागते. या कामात डोमाच्या उजव्या पायाचा अंगठा असा तयार झाला होता की मासा कोणता, शिंगाड्याचा काटा कोणता आणि कपडे धुताना कोणाची पडलेली जोडवी कोणती, हे तो खाली न पाहता सांगायचा. आंधळा अंगठा, पण डोळसाला लाजवील असा.

पुढे खाणीच्या साहेब लोकांनी त्याच तळ्याच्या काठानं गोल्फचं मैदान काढलं. मैदान कसलं? नऊ भोकं, दगड, तरोट्याची झुडपं, सागाची मुळं आणि मधूनमधून चरणारी गावची ढोरं. हिरवळीचं नाव नाही. भोकाभोवती वाळूत जळकं तेल कालवून चोपून बसवलं होतं, तेवढ्यावर बॉल नीट घरंगळायचा. साहेबांचे निम्मे बॉल तळ्यात जायचे आणि डोमा ते अंगठ्यानं काढून द्यायचा. साहेबांना वाटलं, माणूस कामाचा आहे. अशा रीतीनं १९७४ साली डोमा साहेबांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन फिरायला लागला.

या खेळाचा कायदा सोपा आहे आणि दुष्ट आहे. बॉल जिथं पडेल तिथूनच मारायचा. मुळात पडो, शेणात पडो, त्याला बोट लावायचं नाही. डोमानं कायदा ऐकला आणि मनाशी म्हणाला, बोट लावायचं नाही, ठीक आहे. अंगठ्याबद्दल तर कोणी बोललं नाही.

तो ज्यांची बॅग उचलायचा ते खाणीचे मोठे साहेब, सुब्बाराव. सिरोंच्याकडचे. घरी तेलुगू, खाणीत हिंदी आणि डोमाशी इकडची मराठी. त्यांचा बॉल मारायचा जोर रेड्याचा आणि नेम त्याच रेड्याचा. बॉल झुडपात गेला की डोमा आधी पोचायचा. चालण्याची लय न मोडता, कमरेवरचं अंग न हलवता, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात बॉल धरायचा आणि पुढच्या पावलाला छानशा गवताच्या बुंध्यावर ठेवून द्यायचा. मग आभाळाकडं बोट करायचा.

"सायेब, पाहा पाहा, निळकंठ! चांगला शकुन हाये."

साहेब निळकंठ पाहायचे. निळकंठ कधी असायचा, बहुधा नसायचा. मग साहेब खाली पाहायचे आणि म्हणायचे, "अरे, आज नशीब जोरावर हाये!" त्या नशिबाच्या जोरावर १९७९ पासून सुब्बाराव साहेबांनी क्लबचा कप सलग सात वर्षं घरी नेला. इतर साहेबांचे बॅगवाले तरी काय धुतल्या तांदळाचे होते? लटारू होता, जंगू होता. त्यांनीही ही विद्या डोमाकडून उचलली. पण त्यांचा अंगठा जाडाभरडा, म्हणून त्यांचे साहेब दुसरे-तिसरे यायचे.

आता हाच डोमा स्वतः कसा खेळायचा ते ऐका. साहेबाची एक मोडकी लोखंडी काठी त्यानं बांबूच्या दांड्यात बसवली होती. सकाळी मासे उतरवून झाले की साहेब लोक यायच्या आधी तो एकटाच नऊ भोकं खेळायचा. आणि नवल असं, की स्वतःच्या खेळात त्यानं अंगठा एकदाही वापरला नाही. बॉल मुळात तर मुळातून, दगडात तर दगडातून. लटारूनं एकदा विचारलं, "काऊन बे, स्वतःच्या बॉलले काऊन नाई उचलत?"

"मंग मजा कुठी राह्यली?" डोमा म्हणाला.

बारा वर्षांत त्याचा हात इतका बसला की सुब्बाराव साहेबांनी एक दिवस झाडाआडून त्याला खेळताना पाहिलं आणि त्यांची सिगरेट ओठातच विझली. त्यांनी क्लबच्या कमिटीत विषय काढला. क्लबला एक पगारी प्रो हवा होता, म्हणजे खेळ शिकवणारा, व्यवसायानं गोल्फ खेळणारा माणूस. कमिटीनं नाकं मुरडली. मासे धरणारा ढिवर आम्हाला शिकवणार? शेवटी अट घातली की नागपूरच्या स्पर्धेत पहिल्या दहात येऊन प्रोचं कार्ड आणलं तर पाहू.

डोमाला ते कार्ड किती हवं होतं हे फक्त चंदाबाईला, त्याच्या बायकोला ठाऊक होतं. क्लबच्या व्हरांड्याच्या तीन पायऱ्या बारा वर्षांत तो चढला नव्हता. बॅगवाल्यानं पायरीशी थांबायचं असा रिवाज. आणि सुब्बाराव साहेबांची एप्रिलमध्ये बदली होती. त्यांच्यानंतर डोमाचं नाव घेणारं कोणी उरणार नव्हतं. यंदा नाही तर कधीच नाही.

"जा तुमी," चंदाबाई म्हणाली. "पण तो अंगठा इथी ठिवून जा म्हणजे झालं." नवऱ्याची विद्या ती ओळखून होती.

१९८६च्या जानेवारीत साहेबांनी डोमाला आपल्या जीपमध्ये बसवून नागपूरला नेलं. तिथं खेळाडूनं आपला बॅगवाला आपणच आणायचा होता. साहेबांनी बॅग खांद्याला लावली.

"बारा वर्षं तू माही वाह्यली. दोन दिवस मी तुही वाहतो."

डोमाला हसावं की पाया पडावं कळेना. शेवटी तो फक्त हसला.

पहिल्या दिवशी नव्या कॅनव्हासच्या बुटांनी पाय सोलून काढले. दुसऱ्या दिवशी डोमानं बूट काढून बॅगेत टाकले. पंच म्हणून बरोबर एक निवृत्त मेजर होते, मिशा अशा की खाली लिंबं टांगावीत. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, अनवाणी खेळू नये असं कुठं सापडलं नाही, म्हणून हुंकार देऊन गप्प बसले. डोमाचे पाय मोकळे झाले आणि खेळही मोकळा झाला. शेवटच्या भोकाशी आला तेव्हा हिशेब असा होता की पाच फटक्यांत बॉल आत गेला तर दहावा नंबर आणि कार्ड. सहा लागले तर घरी जाऊन मरळी धरायच्या.

आणि तिथंच हात घसरला. पहिला फटका उजवीकडे जाऊन बाभळीच्या खोडाशी पडला. मेजर पलीकडे दुसऱ्या खेळाडूचा बॉल शोधण्यात गुंतले होते. साहेब बॅग घेऊन पुढे गेले. डोमाच्या पायात काटा रुतला होता, तो काढून मागून पोचला.

बॉल गवताच्या झुपक्यावर ऐटीत बसला होता. साहेब आभाळाकडं पाहत उभे होते.

"डोमा, पाहाय, निळकंठ!"

डोमानं वर पाहिलं नाही. त्यानं खाली पाहिलं. मुळाच्या बेचक्यात ओल्या मातीत बॉलचा गोल ठसा होता, आणि शेजारी साहेबाच्या नऊ नंबरच्या बुटाची टाच. याचा अर्थ साहेबाला सगळं ठाऊक होतं! सात कप कुठून आले ते, निळकंठ केव्हा निघतो ते, सगळं. बारा वर्षं आपण साहेबाला खेळवतोय असं डोमा समजत होता आणि साहेब मजेत खेळवून घेत होता.

दुसरा विचार आला तो आणखी डोमासारखा. किती गबाळं काम! टाचेचा ठसा काय, दबलेलं गवत काय, म्हैस लोळून गेल्यासारखं. त्याला या अडाणीपणाचा खरोखर राग आला.

मग तिसरा विचार आला आणि राग विरून गेला. कोणी पाहिलं नव्हतं. काठी उचलायची आणि मारायचं. कार्ड समोर दिसत होतं. पण ते कार्ड घेऊन व्हरांड्याच्या पायऱ्या चढलो तर चढणारा कोण असेल? त्याच्या खांद्यावर पुन्हा बॅगच असल्यासारखी असेल. डोमानं दुसऱ्यांसाठी हजार वेळा अंगठा चालवला होता, तो पोटासाठी. हे कार्ड मात्र त्याला स्वतःचं हवं होतं.

त्यानं हात वर करून मेजरना हाक मारली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. बॅगवाल्यानं मुद्दाम बॉल हलवला हे उघडं झालं असतं तर नागपूरभर साहेबांची अब्रू गेली असती. मेजर धापा टाकत आले.

"मेजरसाब," डोमा म्हणाला, "बॉल हिल गया. मेरे पाँव से."

बारा वर्षांत त्यानं बॉल किती वेळा हलवला याला मोजदाद नव्हती, आणि एकदाही कबूल केलं नव्हतं. ज्या एका बॉलला त्यानं स्पर्शही केला नव्हता, तो मात्र त्यानं आपल्या नावावर घेतला. साहेब काही बोलायला गेले. डोमानं त्यांचा पाय आपल्या अनवाणी पायानं असा दाबला की ते गप्प झाले.

मेजरनी मिशा चोळल्या. शिक्षेचा एक फटका, आणि बॉल परत मूळ जागी. म्हणजे दोन झाले. उरले तीन, आणि बॉल बाभळीच्या मुळात.

पण मुळातला बॉल कसा काढावा हे त्या मैदानावर डोमाइतकं कोणाला ठाऊक होतं? बाकीच्यांना हिरवळीची सवय. डोमा सागाच्या मुळांवर वाढलेला. त्यानं काठी उलटी धरली, तिच्या पाठीनं टोला दिला आणि बॉल टुणकन उजेडात आला. तीन. चौथा फटका हिरवळीच्या मधोमध, भोकापासून चार पावलांवर. पाचवा मारण्याआधी डोमा बराच वेळ वाकून उभा राहिला. बॉल निघाला, भोकाच्या काठावर आला, थबकला, काठावरून आत डोकावला आणि पडला. डोमानं तोंडावर हात घेतला आणि भर मैदानात ढसाढसा रडला.

परतीच्या वाटेवर दोघं वरोऱ्याला चहाला थांबले. साहेब बशीकडं पाहत म्हणाले, "माह्यं नाव काऊन नाई सांगितलं?"

"तुमी तरी माह्यं कुठी सांगितलं सायेब, बारा वर्षं?"

साहेबांनी चहा तसाच ठेवला आणि जीपकडे निघून गेले.

फेब्रुवारीत डोमा क्लबचा प्रो झाला, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर अंग चोरून बसला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं पहिला हुकूम काढला. सगळ्या बॅगवाल्यांनी बूट घालायचे. साधेसुधे नव्हे, खाणीतले जाड कातड्याचे, ज्यांत अंगठा आहे की नाही हे अंगठ्यालाही कळू नये असे. लटारू म्हणाला, "करून करून भागला अन् देवपूजेले लागला!" पण त्यानं बूट घातले.

आणि क्लबावर आकाश कोसळलं. जे साहेब दोन फेऱ्यांचा, म्हणजे अठरा भोकांचा खेळ पंचाऐंशी फटक्यांत संपवायचे त्यांना एकशे दहा लागू लागले. ज्यांना पंच्याण्णव लागायचे ते एकशे तीसवर गेले. बॉल मुळात पडला की मुळातच राहायचा. निळकंठ तर जिल्हा सोडून गेल्यासारखे दिसेनासे झाले. मार्चमध्ये अकरा साहेबांच्या सह्यांचा अर्ज कमिटीकडे आला. 'नवीन प्रोच्या सदोष शिकवणीमुळे सर्व सभासदांचा खेळ बिघडला आहे. सबब त्यास तात्काळ कमी करावे.' कमिटीचे अध्यक्ष सुब्बाराव साहेब. निर्णय त्यांच्या बदलीआधीच्या शेवटच्या रविवारी व्हायचा होता.

डोमा कोंडीत सापडला. खरं सांगावं तर बारा वर्षांची सगळ्या क्लबाची अब्रू जाते, न सांगावं तर खुर्ची जाते. "आपल्याच जाळ्यात ढिवर गावला," चंदाबाई म्हणाली आणि त्याच्यापुढं भाकर सरकवली. त्यानं ती खाल्ली नाही.

रविवारी सगळे साहेब व्हरांड्यात जमले. सुब्बाराव साहेब म्हणाले, "आधी मी खेळतो. मग बोलू." त्यांनी बॅग स्वतः उचलली. बॅगवाला घेतला नाही. डोमाला लांब व्हरांड्यातच बसायला सांगितलं, आणि चाळीस डोळ्यांसमोर मैदानाच्या दोन फेऱ्या खेळून अठरा भोकं पुरी केली. तरोट्यातून खेळले, दगडातून खेळले. सागाच्या एका मुळात त्यांनी नऊ फटके घातले. एकदाही वर पाहिलं नाही. चार तास उन्हात घाम गाळून ते परत आले, पाटीवर खडूनं आपल्या नावापुढं १३१ लिहिलं आणि अर्ज टेबलावर उलगडून ठेवला.

"ह्या प्रोनं आपला खेळ बिघडवला म्हणता," ते म्हणाले. "ज्याले वाटते, त्यानं असंच एकट्यानं, बॅगवाल्याशिवाय खेळून दाखवावं. पंचाऐंशी आले तर मी डोमाले आत्ता काढतो."

कोणी उठलं नाही. कोणाला गुडघा दुखत होता, कोणाला घरी पाहुणे होते. मग एकानं हळूच अर्ज ओढून आपली सही खोडली आणि पेन शेजाऱ्याकडं दिलं.

साहेब डोमाच्या शेजारच्या खुर्चीवर धपकन बसले. तळहाताला फोड आले होते, ते त्यांनी त्याला दाखवले.

"एकशे एकतीस," ते म्हणाले. "सात कप घरी हायेत डोमा, पण खेळलो मी आजच."