माझ्या मापाची जीन्स

ती हिंदी पॉप गायिका माझ्या वाईटावर टपलेली होती, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. लांब वेणी, सुती सलवार-कमीज, खाली झुकलेली नजर. टीव्हीवर तिचं गाणं लागलं की पप्पा म्हणायचे, "बघ, एवढं नाव कमावलं, पण राहते कशी साधी!" मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला जीन्स हवी होती. पप्पा उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. दिवसभर जगाच्या पोरींसाठी जीन्स कापायचे आणि अंबरनाथला घरी येऊन मला सलवार-कमीज शिवून द्यायचे.

मग तिचा नवा अल्बम आला. केस मानेपर्यंत कापलेले, घट्ट जीन्स, गुडघ्यावर फाटलेली, नजर सरळ कॅमेऱ्यात. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि चहा मागितला. त्यानंतर घरात तिचा विषय बंद.

कारखान्यात मात्र ती पोचलीच. शेठने सीडीचं कव्हर पप्पांसमोर ठेवलं, "मास्टर, हूबहू यही पँट चाहिए. दिवाली से पहले."

त्याच आठवड्यात मी पप्पांचा विसरलेला डबा घेऊन गेले. पहिला पीस तयार होता. तो कुणीतरी घालून बघितल्याशिवाय पुढचा माल कापत नाहीत, आणि नेहमीची बाई आली नव्हती. शेठ म्हणाला, "बेटी, तू ही पहन ले." पप्पांनी तोंड उघडायच्या आत मी पँट उचलून आतल्या खोलीत पळाले.

कंबर, उंची, सगळं चोख. बाहेर आले तर शेठ खूश, आणि पप्पा चोरी पकडल्यासारखे उभे.

"नुसत्या फोटोवरून कापायचं तर माप लागतंच ना," ते हळूच म्हणाले. "पोरीचं माप मला एकच पाठ आहे."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे अख्ख्या गावाच्या पोरी माझ्या मापाची जीन्स घालणार, आणि मीच तेवढी नाही?"

मशीनवरच्या कारागिरांनी माना वर केल्या. पप्पा माझ्याकडे नाही, पँटकडेच बघत होते.

"बस बघू खाली."

मी स्टुलावर बसले. त्यांनी वाकून गुडघ्याजवळचं कापड चिमटीत धरलं.

"कॉलेजात बाकावर बसून आखडेल. तुझी कापताना इथे अर्धा इंच जास्त सोडतो. आणि फाटकी नाही हां, अखंड."

एवढी भांडायच्या तयारीत होते मी, आणि भर कारखान्यात मला रडू फुटलं.