थोरल्याचं पुढं काय झालं

अठरा वर्षांची असताना माझा कशावरच विश्वास नव्हता आणि ते मी सगळ्यांना सांगत फिरायचे. कॉलेजात सायन्सला होते. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी दुसरीच मुलगी, त्यामुळे शिंगं फुटायला वेळ लागला नाही. आईबापांच्या पिढीने दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव गोदावरीत सोडले, हे मला पसंत होतं. पण देव गेले तर जाऊ देत, त्या रिकाम्या जागी जुन्या गोष्टी कशाला आणून बसवल्या, असं मी म्हणायचे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन आठ दिवसांत गेले होते. त्या आठ दिवसांत विहारातली एकही गोष्ट त्यांच्या कामी आली नव्हती. माझा राग खरा तिथला होता आणि मी तो विज्ञानाच्या नावावर खपवत होते.

आमची वस्ती गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला, आणि वस्तीच्या मधोमध पत्र्याच्या छपराचा विहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, तिथे रोज संध्याकाळी वाचन चालायचं. वंदना झाली की जुन्या कथांचं जाडजूड पुस्तक चौरंगावर उघडायचं आणि काल थांबलो तिथून पुढची कथा वाचायची. रोज एका घराचा नंबर. ज्या घरात वाचणारं माणूस नसेल त्यांनी फुलं आणि मेणबत्त्या आणायच्या, वाचायला शेजारचं कुणीतरी बसायचं. आमच्या घरचं वाचन दादा करायचे आणि त्यांच्यानंतर मी. विश्वास नसला तरी वाचायला मला आवडायचं. माझ्याइतके स्वच्छ उच्चार वस्तीत कुणाचे नाहीत, असं माझं प्रामाणिक मत होतं.

आई जवळच्या एका शाळेत शिपाईबाई होती. वर्ग झाडायचे, फळे पुसायचे, पाणी भरायचं, घंटा द्यायची. शाळेत दिवस काढूनही हजेरीला ती अंगठाच उठवायची. त्या वर्षी उन्हाळ्यात पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "औंदा आपल्या घरचं वाचन मी करनार हाय."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"तुझे दादा शिकवतो म्हनायचे. मी रोज म्हनायची, उद्या बसू. मग ते उद्या ऱ्हाऊनच गेलं."

मग मी तिला शिकवायला बसले. मुळाक्षरं झाली, बाराखडी कशीबशी ओढत नेली आणि मला घाई झाली. दादांच्या पेटीत कथांचं एक लहानसं पुस्तक होतं. त्यातल्या ओळीवर बोट ठेवून मी वाचायचे, आई माझ्यामागून म्हणायची. महिन्याभरात ती पानंच्या पानं धडाधड वाचायला लागली. विहाराचं काम बघणारे एक निवृत्त गुरुजी होते, त्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले की या वर्षी आमच्याकडून आई वाचेल.

आमचा नंबर श्रावणात आला. आदल्या दिवशी आई उंबऱ्यात बसून शेवटची उजळणी करत होती. वारा सुटला आणि मांडीवरच्या पुस्तकाची चार-पाच पानं फडफडत उलटली. आईचं बोट ओळीवरून सरकत राहिलं, तोंड चालू राहिलं. मी पाठीमागून वाकून पाहिलं. पानावर भलतीच कथा होती.

"आई, तू म्हणतेयस ते कुठे लिहिलंय?"

तिने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंदाजाने कुठेतरी बोट टेकवलं.

अख्खं पुस्तक तिने तोंडपाठ केलं होतं. माझ्या थांबण्याच्या जागा, माझे उच्चार, सगळं सहीसही. ती मला फसवत नव्हती, हे आज कळतं. पुस्तक समोर धरून न चुकता म्हणायचं यालाच ती वाचणं समजत होती. आमच्याकडच्या कितीतरी बायका वंदनेचं पुस्तक अशाच वाचायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण विहारात उद्या दुसरंच पुस्तक समोर येणार होतं आणि गुरुजींपुढे माझं नाक कापलं जाणार होतं. मी पुस्तक तिच्या मांडीवरून उचललं. "तुला नाही यायचं हे. उद्या मीच वाचते." आई उठून भांडी घासायला गेली.

दुसऱ्या संध्याकाळी मी चौरंगापाशी बसले. आई पांढरं लुगडं नेसून बायकांत पुढेच बसली होती. त्या दिवशी जी कथा आली ती एका मठ्ठ शिष्याची. दोघे भाऊ भिक्षू झालेले. थोरला हुशार, धाकट्याला चार महिन्यांत चार ओळींची गाथा पाठ होईना. शेवटी थोरला वैतागून त्याला म्हणाला, तुझ्याच्यानं हे होणार नाही, तू विहारातून निघून जा.

हे वाक्य मी माझ्या स्वच्छ उच्चारांत, खणखणीत आवाजात वाचलं आणि तिथेच अडले. आईकडे बघायची हिंमत झाली नाही. गुरुजींना वाटलं, अक्षर लागत नसेल. त्यांनी मेणबत्ती जवळ सरकवली. मी पुढचं कसंबसं संपवलं. धाकटा फाटकापाशी रडत उभा असतो. भगवान बुद्ध त्याला बघतात, हाताला धरून आत आणतात आणि एक पांढरं फडकं देऊन सांगतात, उन्हात बसून हे नुसतं चोळत राहा. चोळता चोळता फडकं मळतं आणि ते बघता बघता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो. एरवी या जागेवर मी मनातल्या मनात म्हटलं असतं, फडकं चोळून कुठे ज्ञान मिळतं का! त्या दिवशी मला फक्त लाज वाटत होती.

आम्ही घरी परत निघालो. वाटेत आई म्हणाली, "त्या थोरल्याचं पुढं काय झालं?"

"पुस्तकात नाही दिलं."

"मग तू सांग."

मी रस्त्यातच तिचा हात धरला आणि चुकले म्हणाले. ती म्हणाली, "चुकलीस तर चुकलीस. त्याला भगवंतानं फडकं दिलं. माझ्या हातात रोजच फडकं हाय. फळ्यावर मास्तर लोकं एवढं लिवून जात्यात, अन् मी वाचायच्या आधीच पुसून टाकते."

शिकण्याची ही रीत तिचीच, माझी नाही. शाळा सुटली की ती प्रत्येक फळ्यापुढे उभी राहायची आणि निदान एक ओळ लागल्याशिवाय फडकं लावायची नाही. फळ्यावरचं पाठ करायची सोयच नव्हती, कारण रोज नवं असायचं. संध्याकाळी ती मला दिवसाची कमाई सांगायची. "आज सातवीत 'पृथ्वी गोल आहे' व्हतं. खरंच हाय का?" 'प्रश्न' हा शब्द तिने तीन दिवस पुसला नाही, म्हणून वर्गाच्या बाईंची बोलणी खाल्ली. पण त्याच बाई नंतर रोज फळ्याच्या कोपऱ्यात तिच्यासाठी ठळक अक्षरांत एक ओळ ठेवून जायला लागल्या. माझं काम फक्त ऐकायचं आणि मधे तोंड घालायचं नाही. हे शिकायला मला आईपेक्षा जास्त कष्ट पडले.

वर्ष गेलं. पुढच्या वर्षावासात आमचा नंबर भाद्रपदात लागला. गुरुजींनी मला विचारलं, "कोण बसणार?" मी म्हणाले, "आई." या वेळी तोरा नव्हता. तिला नाही जमलं तर ती पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी आली ती वणव्यात सापडलेल्या लावा पक्ष्याच्या पिलाची कथा. आई अडखळत होती. जोडाक्षराशी थांबायची, ओठ हलवायची, एखादा शब्द दोनदा म्हणायची. मागच्या वर्षीच्या त्या धडाधड वाचण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि मी तिच्या बोटावरून नजर काढत नव्हते. पिलाचे आईबाप उडून गेले. त्याला पंख होते पण बळ नव्हतं. आग घरट्यापाशी आली आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. वाऱ्याने मेणबत्त्याही विझल्या.

अंधारात आई गप्प झाली. सगळे थांबले. ही कथा वस्तीतल्या सगळ्यांनी दरसाल ऐकलेली, आईनेही. मागून एक म्हातारी मायेने तिला पुढची ओळ सुचवायला लागली.

"थांब म्हातारे," आई म्हणाली. "मला ठाव हाय ते. पन पुस्तकात काय लिवलंय ते मला बघू दे. कंदील आना."

कुणी हसलं नाही. साठ-सत्तर माणसं, पोरंबाळं, सगळे अंधारात बसून माझ्या आईला दिसायला लागण्याची वाट बघत होते. कंदील येईपर्यंत तिने ओळीवरचं बोट हलवलं नाही. उजेड आला, आणि जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून तिने पुन्हा सुरुवात केली.

दादांना कुठल्या कथेने वाचवलं नव्हतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. पण त्या संध्याकाळी आई एकेक अक्षर लावत पुढे निघाली होती, आणि शेवट शंभरदा ऐकलेला असूनही मी जीव मुठीत धरून बसले होते की ते पिलू जगावं. आणि ते जगलं.