तुटक रेषेतलं झाड

लोर्ना टटलची परीक्षा कागदावर कधी संपायचीच नाही. दुसरीच्या मुलांना ‘आपलं गाव’ हा धडा शिकवून झाला की ती त्यांना शाळेपासून पोस्टापर्यंतचा नकाशा काढायला लावायची. मग तो एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात देऊन म्हणायची, “कुणाला काही न विचारता पोचून दाखवा.” माणूस पोचला की पोरगं पास. मी शेजारच्या वर्गात पहिलीला शिकवायचे. त्या दिवशी माझी मुलं खिडकीला चिकटलेली असायची आणि खरं सांगायचं तर मीही.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातलं आमचं गाव एवढंसं. नकाशा घेऊन निघणारी माणसंही ठरलेली, इथलीच: ब्रेडची गाडी आणणारा, मुलांचे दात तपासायला येणारी नर्स. सगळे बिनचूक पोचायचे. त्यामुळे लोर्नाला आपल्या परीक्षेचा भारी अभिमान होता. जरा जास्तच, असं मी तिला तोंडावर सांगायचे.

मग जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत केसलर नावाचे नवे अधिकारी आले. सगळ्या शाळांना एकच छापील प्रश्नपत्रिका द्यायची, बरोबर उत्तराभोवती गोल काढायचा, अशी त्यांची योजना. लोर्नाची परीक्षा ठेवायची की बंद करायची, हे ते स्वतः येऊन ठरवणार होते. ती त्याच वर्षी निवृत्त होणार होती.

“मी गेले की पोरं बसतील गोल काढत,” ती मला म्हणाली. “आयुष्यभर हे एकच धड काम केलं गं मी. तेवढं तरी मागे राहू दे.”

एप्रिल महिना, बर्फ वितळून सगळीकडे चिखल. केसलर चकचकीत बूट घालून आले, तेव्हाच मला त्यांची दया आली. लोर्नाने त्यांना ओपलचा नकाशा दिला. ओपल वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. नकाशावर उत्तरेचा बाण, रंगीत खुणा, सगळं जागच्या जागी. एल्मच्या मोठ्या झाडापाशी डावीकडे, पिवळ्या घरापाशी उजवीकडे, की आलंच पोस्ट.

मुलांची जेवणं झाली तरी केसलर परतले नाहीत. अखेर आले ते एक बूट हातात घेऊन. मी काही ना काही निमित्त काढून लोर्नाच्या दारात उभी राहिले.

“बाई, ते एल्मचं झाड कुठंय?”

“दुकानाच्या कोपऱ्यावर!” अख्खा वर्ग ओरडला.

“तिथे काहीच नाहीये.”

“नसणारच,” ओपलने त्यांना समजावलं. “ते कापलं ना!”

“कधी?”

“माझी आई लहान होती तेव्हा.”

“आणि पिवळं घर?”

“ते पांढरं आहे.”

मला हसू आवरेना. लोर्नाचा चेहरा मात्र पडला. आमच्याकडे रस्ता असाच सांगतात. झाड गेलं, पण वळण त्याच्याच नावावर राहिलं. लोर्नाही जन्मभर तसंच सांगत आली, आणि इतक्या नकाशांत तिला ते कधी खटकलं नव्हतं.

“पोरीची चूक नाही, माझीच आहे,” ती म्हणाली. “पाठवा तुमची प्रश्नपत्रिका.”

केसलर मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसले. “ओपल, तू ते झाड पाहिलंच नाहीस, मग काढलंस कसं?”

“त्याच्याखाली माझे आजोबा आजीची वाट बघायचे. आजी नेहमी उशिरा यायची.”

“आणि घर पिवळं का?”

“त्यात डॉक्टर राहायचे. लांबून दिसायला नको?”

“खोटं! दुकानात तेवढाच रंग शिल्लक होता,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्गात भांडण जुंपलं. शाळा सुटायची घंटा होईपर्यंत केसलर ऐकत बसले.

“आमच्या कागदावर ‘पूर्वी आणि आता’ असा एक प्रश्न आहे,” ते उठताना म्हणाले. “गोल काढायचा. टटलबाई, तुमचीच परीक्षा चालू ठेवा. फक्त जे आता नाही ते तुटक रेषेत काढायला सांगा. माझ्यासारख्याचे बूट वाचतील.”

लोर्ना निवृत्त झाली, पण परीक्षेला हटकून यायची. परवाच्या एप्रिलमध्ये ती रूडीचा नकाशा तपासत होती. रूडी माझ्याकडून दुसरीत गेलेला, तिच्या हाताखाली एक दिवसही न शिकलेला. शाळेच्या चौकोनात त्याने ठळक निळ्या रेषेने खोली काढून लिहिलं होतं, ‘टटलबाईंचा वर्ग’.

“मी आता इथे शिकवत नाही, बाळा,” लोर्ना म्हणाली. “ही तुटक रेषेत हवी.”

रूडीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पण तुम्ही तर इथेच उभ्या आहात की!”

लोर्नाने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. तिने पेन उचललं आणि नकाशावर ‘पास’ लिहिलं.

“आणि नियम?” मी विचारलं.

“गप्प बस गं,” लोर्ना म्हणाली, आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.